कागदांची बेगमी

वैशाख निम्मा सरला की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून सगळ्या प्राध्यापकांना एक सूचना येते. सुट्टीत घरबसल्या विद्यापीठाची शोधनियतकालिकं कशी उघडायची, पासवर्ड कसा बदलायचा, अडलं तर कोणाला फोन करायचा, असं सगळं तीत बैजवार लिहिलेलं असतं. शेवटची ओळ ठळक अक्षरांत असते : 'एकगठ्ठा डाउनलोड करू नये.' बाकीचे लोक तिथपर्यंत पोचतही नसतील. मी मात्र ती ओळ वाचते आणि इतक्या वर्षांनंतरही माझे कान गरम होतात.

यंदा ती सूचना आली तेव्हा मी ताम्हिणीजवळच्या आमच्या वाडीवर होते आणि पडवीत बसून सुकट निवडत होते. अंगणात आई गोवऱ्या रचत होती. तिची रचायची एक पद्धत आहे. तळाला दगड, त्यांवर फळ्या, मग उभ्या गोवऱ्या एकीला एक टेकून, आणि मधे हात जाईल एवढी फट. फट ठेवली नाही तर आषाढात सगळी रास बुरशी धरते. मी फोनकडं बघून हसले असणार, कारण तिनं विचारलं, "काय गं, कुणाचं आलं?"

"लायब्ररीचं."

"तीच का? तुज्यामुळं कुलूप लागलं व्हतं ती?"

आईच्या लेखी जगात लायब्ररी एकच, आणि तिला तिच्या मुलीनं कुलूप लावलेलं. तिला कितीदा सांगितलं की ते कॉलेज वेगळं आणि ती विद्यापीठाची लायब्ररी वेगळी, पण ती ऐकत नाही. कुलूपही खरं नव्हतं. पण खऱ्या कुलपापेक्षा ते बरं होतं असंही मला म्हणता येत नाही.

आमच्या भागात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, राहायलाच येतो. एकदा बसला की भाद्रपदापर्यंत हलत नाही. घाटात दरड आली की एसटी बंद, तारेवर झाड पडलं की वीज बंद, आणि वीज गेली की डोंगरावरचा मोबाइलचा टॉवरही दोन दिवसांत मान टाकतो. म्हणून चैत्र-वैशाखात घरोघरी एकच धांदल असते, बेगमीची. सरपण, गोवऱ्या, कांदे, मीठ, सुकट, बोंबील, आमसुलं, पापड, काड्यापेट्यांचा पुडा. पावसाच्या अंगाच्या भिंतीला कारवीच्या काड्यांचा कूड, आणि आता त्यावर निळं प्लास्टिक. हे सगळं चालू असताना हवेत राबाचा धूर भरून राहिलेला असतो. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, टहाळ्या, पालापाचोळा अंथरून, वर माती पसरून ते भाजायचं, त्याला आम्ही राब म्हणतो. तो भडकू द्यायचा नसतो, नुसता धुमसत ठेवायचा असतो. त्या दिवसांत कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा तोच वास येतो. मला तो अजून आवडतो. पुण्यात कुठं पाला जळताना दिसला तर मी क्षणभर थांबते, मग त्यात प्लास्टिकही जळतंय हे कळतं आणि पुढं चालायला लागते.

भौतिकशास्त्राकडं मला राबानं ढकललं, असं मी लोकांना सांगते. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे रसायनाच्या प्रयोगशाळेतला वास मला सोसत नव्हता. पण राबाची गोष्ट खरीच घडलेली. मी सात-आठ वर्षांची असेन. राब धुमसत होता. आईनं कडेला काठीनं माती उकरली आणि माझं बोट धरून आत घातलं. वर निखारे, आणि चार बोटांखाली माती गार. मी विचारलं, "मग एवढी ऊब जाते कुठं?" आई म्हणाली, "जातीया कुटं? हितंच हाय." पुढं एम.एस्सी.ला उष्णतेच्या वहनाचं समीकरण फळ्यावर आलं तेव्हा मला आधी ते बोट आठवलं. आजूबाजूचे सगळे भराभर उतरवून घेत होते आणि मी आपली बोटाकडं बघत बसले होते.

तर ते कुलपाचं साल. पीएच.डी.ला नाव नोंदवून मला दीड वर्ष झालं होतं. ओल्या दाणेदार पदार्थांतून, म्हणजे रेती, भुसा, माती यांतून उष्णता कशी वाहते, हा विषय. वडील जाऊन दोन पावसाळे झाले होते. आईचा डावा गुडघा चिखलात उभं राहू देईना, आणि आमची भाताची खाचरं तर पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढत गेलेली. खालच्या अंगाच्या भावकीनं जमीन विकून टाकली होती. तिथं आता शनिवार-रविवारी निळ्या पाण्याच्या हौदात पुण्याचे लोक डुंबतात. आमच्याकडं खाचर एक वर्ष पडीक दिसलं की पुढच्या वर्षी दलाल चहाला येतो. आईनं मला 'ये' असं एकदाही म्हटलं नाही. मीच ठरवलं की पेरणीला जायचं, आवणीला, म्हणजे रोपं काढून खाचरात लावायच्या वेळी, तिथंच राहायचं, आणि भाद्रपदात परत यायचं.

माझ्या मार्गदर्शक वर्तक मॅडम. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी काढला की समोरच्यानं सावध व्हावं, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाद्रपदात तुझा सेमिनार आहे," त्या म्हणाल्या. "आजवर या विषयात काय काय झालंय ते सगळं वाचून समितीपुढं मांडायचंय. नाही मांडता आलं तर समिती नोंदणी पुढं चालू ठेवत नाही. चार महिने गावात बसून पीएच.डी. होत नाही गं. मी असे गेलेले बघितलेत, परत आलेले नाही बघितले."

त्यात आकस नव्हता, त्यामुळं मला राग धरायलाही जागा नव्हती. शेत सोडलं तर शेत जाणार आणि शेत धरलं तर हे जाणार. मला दोन्ही हवं होतं. अधाशीपणा म्हणा हवं तर, पण हवं होतं.

मग मी काय केलं? आमच्या वाडीतलं कुणीही माणूस जे करेल तेच केलं. पावसाळ्याआधी घर भरायला घेतलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचनकक्षात संगणकांची एक रांग होती. उन्हाळ्यात तिथं गारवा असे, म्हणून झोपायला येणारेही बरेच होते. खिडकीबाहेर बहावा फुललेला. होस्टेलवरच्या एका मैत्रिणीनं मला एक सोय जोडून दिली होती. शोधाचे निकाल समोर आले की ती एकामागून एक सगळे लेख आपोआप उतरवून घेई. मी शोधाच्या चौकटीत 'माती' आणि 'उष्णता' यांचे इंग्रजी शब्द टाकले, एका बड्या परदेशी प्रकाशकाची शोधनियतकालिकं निवडली, यंत्र चालू केलं आणि उपाहारगृहात जाऊन निवांत मिसळ खाल्ली. परत आले तर अकराशेच्या वर लेख माझ्या पेनड्राइव्हवर जमा. काय आनंद झाला म्हणून सांगू! सरपणाची शेवटची मोळी रचून झाल्यावर आई कमरेवर हात ठेवून राशीकडं बघते ना, तशी मी पडद्याकडं बघत राहिले. आता चार महिने वीज जावो नाहीतर रस्ता जावो, मी भरलेली होते. त्यातला एकही लेख मी उघडून पाहिला नव्हता, हे तेव्हा ध्यानातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाच्या दारावर कागद चिकटवलेला. त्या प्रकाशकाची सगळी शोधनियतकालिकं संपूर्ण विद्यापीठासाठी बंद झाली होती. शेजारच्या प्रयोगशाळेतली वैशाली तिथंच उभी होती. तिचा प्रबंध सुधारून आठ दिवसांत परत द्यायचा होता, आणि परीक्षकांनी सुचवलेले सहा लेख तिला नेमके त्याच प्रकाशकाचे हवे होते. ती रडवेली झाली होती. "कुठल्या गाढवानं केलंय हे?" ती म्हणाली. मीही म्हटलं, "काय एकेक लोक असतात!" अगदी मनापासून म्हटलं. मग कागदावरची पुढची ओळ वाचली. 'वाचनकक्षातील एका संगणकावरून अवाजवी प्रमाणात लेख उतरवून घेण्यात आल्याने...'

वैशालीला तिथंच सांगावं इतकी हिंमत माझ्यात नव्हती. मी जिन्यावर जाऊन बसले. पळून जावंसं वाटलं हे खरं सांगते. दुपारची चारची एसटी होती, आणि एकदा घाट चढला की मला कोण शोधणार होतं? एसटी गेली. मी संदर्भ विभागात गेले.

संदर्भ विभागाचे शेवाळे सर मूळचे माणदेशातले. बारीक अंगाचे, उन्हाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालणारे. शिकलेले इतिहास, पण भौतिकशास्त्राचा कुठला लेख कुठं मिळेल ते त्यांना विचारायचं, असा विभागाचा रिवाज होता. मी समोर उभी राहिले तर त्यांनी वरही न बघता विचारलं, "सात नंबरचा संगणक?"

"हो."

"बसा. नोंद सकाळीच बघितली मी. म्हटलं, संध्याकाळपर्यंत वाट बघू." मग वर बघून म्हणाले, "विकायचे होते का?"

"नाही हो!"

"मग एवढे कशाला?"

"पावसाळा येतोय म्हणून," मी म्हटलं.

त्या वातानुकूलित खोलीत ते वाक्य इतकं खुळचट वाटलं की मला रडू फुटलं. रडत रडतच सगळं सांगितलं. दरड, टॉवर, आईचा गुडघा, भाद्रपदातला सेमिनार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं उलटं. आठ दिवसांनी टँकर यायचा, की घरातली वाटी न् वाटी भरून ठेवायची. मी चहाच्या कपात पाणी भरलेलं आहे. पण तुम्ही सगळाच टँकर ओतून घेतलात. मागच्या बाया हंडे घेऊन उभ्या आहेत."

वैशालीचा चेहरा माझ्यापुढं आला.

प्रकाशकाला पत्र जायला हवं होतं. कोणी केलं, का केलं, आणि उतरवलेलं सगळं पुसलं आहे याची हमी. नाव लिहावं लागेल आणि त्याची प्रत वर्तक मॅडमना जाईल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग माझा पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाले, "पुसा. पण त्याआधी मला सांगा, यातले कोणते लेख तुम्हाला लागणार होते?"

मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. मी पुसून टाकलं. अकराशे लेख जायला मिसळीची एक वाटी संपायला लागते तेवढाही वेळ लागला नाही.

त्याच संध्याकाळी वैशालीला सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी प्रकाशकानं दार उघडलं, तिचे लेख मिळाले, आणि मग ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. वर्तक मॅडमनी पत्राची प्रत वाचून चष्मा काढला. "समिती हे विचारणार. मी मधे पडणार नाही," एवढंच म्हणाल्या.

दार उघडल्यावर शेवाळे सरांनी मला शेजारी खुर्ची दिली. तीन दिवस मी तिथं बसले, आणि आज मी मुलांना जे काही शिकवते त्यातलं बरंचसं त्या खुर्चीवरचं आहे. 'माती' आणि 'उष्णता' टाकलं तर अख्खं जग हाती लागतं, म्हणजे काहीच लागत नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दाखवून दिलं. आधी एखादा आढावा घेणारा चांगला लेख धरायचा. सर तो शेवटाकडून वाचत. "मला तुमचं फिजिक्स कळत नाही, म्हणून मला शोधता येतं," ते म्हणत. "तुम्हाला सगळंच महत्त्वाचं वाटतं." संदर्भांच्या यादीत जो जुना लेख सगळेच सांगतात तो गाठायचा, आणि मग उलट फिरून त्या जुन्या लेखाचा पुढं कोणी कोणी आधार घेतला ते बघायचं. सारांश वाचायचा, आलेख बघायचे, आणि उपयोग काय ते एका ओळीत लिहिता येत नसेल तर सोडून द्यायचा. एक जुना लेख आमच्याकडं नव्हता. सरांनी दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाला विनंती धाडली, आणि दोन दिवसांत त्याची प्रत आली. हातानं काढलेले आलेख, कडेला कुणीतरी पेन्सिलीनं केलेली बेरीज. तळघरातल्या बांधीव खंडांतून आम्ही आणखी दोन काढले. तिथं जुन्या कागदांचा जो वास येतो तो मला राबाच्या खालोखाल आवडला.

त्यांनी मला एक वहीही घालायला लावली. कुठं शोधलं, कोणत्या शब्दांनी शोधलं, काय मिळालं, काय नाही मिळालं. नाही मिळालेलं जास्त नीट लिहायचं. राबावर, म्हणजे शेणापाल्याच्या धुमसत्या थराखाली ओल्या मातीत ऊब किती खोल जाते यावर, आम्ही दीड दिवस शोधलं. जंगलातल्या वणव्यांवर होतं, कापणीनंतर जाळलेल्या शेतांवर होतं. राबाची खतं आणि उत्पन्न यांवर शेतकी लोकांनी लिहिलेलं होतं. तापमान कोणीच मोजलेलं दिसेना. वहीची चार पानं नुसत्या 'नाही'नं भरली.

शेवटी चौदा लेख हाती राहिले. ते छापून घेतले, खताच्या रिकाम्या पिशवीत घातले, तोंड सुतळीनं आवळलं आणि घाट चढले. आईनं पिशवी उचलून बघितली.

"येवढंच? ह्येच्यावर चार म्हैने?"

"पुरेल."

"बघ बया. मला तर लई थोडं वाटतंया."

त्या पावसाळ्याचं मला आठवतं ते तुटक तुटक आठवतं. आवणीच्या वेळी पाठीवरून ओघळणारं पाणी, बोटांच्या बेचक्यांत चिखलानं पडलेल्या चिरा. दुपारी दोन-तीन तास पडवीत पोत्यावर बसून वाचन, कारण आत अंधार. दमट हवेत कागद मऊ पडून पानं एकमेकांना चिकटत. आई ती चुलीच्या उबेला भाकऱ्यांसारखी उभी करून ठेवी. एक लेख तर मी नऊ वेळा वाचला. वाचायला दुसरं काही नव्हतंच. आठव्या वाचनापर्यंत मी त्यातलं एक समीकरण नुसतं मान डोलवून पुढं जात होते. नवव्या वेळी थांबले, आणि ते कळलं. ओल उडून जात नाही तोवर माती उकळत्या पाण्याच्या पुढं तापतच नाही. सगळी ऊब त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. आईनं माझं बोट घातलं होतं त्या मातीत हेच चाललं होतं. मी ओरडले असेन, कारण आई स्वयंपाकघरातून धावत आली. "इंचू चावला का काय?" तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय येगळं सांगितलं व्हतं? हितंच हाय म्हनलं व्हतं की." आणि परत आत गेली. अकराशे लेख बरोबर असते तर त्या समीकरणावर मी नवव्यांदा थांबले नसते, याची मला खात्री आहे.

भाद्रपदात सेमिनार झाला. समितीत बाहेरचे एक गृहस्थ होते, शांत आवाजाचे. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ती शोधनियतकालिकं बंद पाडली ती तुम्हीच का?"

"हो."

"त्यातले किती वाचलेत?"

"एकही नाही, सर. नंतर चौदा नेले. ते चौदाही वाचलेत."

मग त्यांनी एकेक करून त्या चौदांवर विचारायला सुरुवात केली. पाऊण तास विचारत होते. राबाच्या तापमानावर कुठंच काही नाही असं मी म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला सापडलं नाही, म्हणून नाहीच, असं कसं म्हणता?" मी वही पुढं केली. ती 'नाही'ची चार पानं त्यांनी शब्द न् शब्द वाचली आणि न बोलता वर्तक मॅडमकडं सरकवली. मॅडम ती वाचताना चष्मा घालूनच होत्या.

नोंदणी पुढं चालू राहिली. व्हरांड्यात मॅडमनी मला गाठलं. "पुढच्या वैशाखात गावी जाशील ना?" मला वाटलं, नको म्हणणार. त्या म्हणाल्या, "जा. तापमान मोजायची तार न् यंत्र इथून घेऊन जा. रजा नको टाकूस, क्षेत्रकाम म्हणून लिही."

घरी फोन लावला तर रेंज नाही. संध्याकाळच्या एसटीनं वाडीवर पोचायला रात्र झाली असती, म्हणून सकाळची धरली. आई बांधावर गवत कापत होती. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. मी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. समिती, वही, मॅडम, यंत्र. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती विळा खाली ठेवून, गुडघ्यावर हात रेटून, उभी राहिली.

"म्हंजी राबाला तू हितं हायेस?"

"आहे. दरवर्षी."

ती खाचराकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मला वाटलं, शेताचं ह्येच शेवटलं साल." चार महिने ती गुडघा सांभाळत माझ्याबरोबर शेतात खपत होती, माझे कागद चुलीपाशी वाळवत होती, आणि हे मनात घेऊन होती. मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. मी काही बोलणार तोवर तिनं विळा उचलला आणि राहिलेला बांध कापायला घेतला.